खणातून आलेला फोन

"सर, तुम्हाला खरंच कॉम्प्युटर येतो, की नुसती लॅबची किल्ली तुमच्याकडे असते?"

हा प्रश्न टिटवीचा नव्हता. तो चष्मिश आणि लांबुडी या तिच्या दोन मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत रचला होता आणि 'हिंमत असेल तर विचारून दाखव' म्हणत तिच्या गळ्यात मारला होता. पण विचारला टिटवीनेच, आणि तिने काही विचारलं की ते शेजारच्या दोन वर्गांनाही ऐकू जाणार हे ठरलेलं. लॅबमधल्या सगळ्या खुर्च्या कर्रकन वळल्या. लांबुडीने डोकं बाकाखाली घातलं. आग लावणारे नेहमी असेच आधी पळतात.

टिटवी हे नाव तिला आवाजावरूनच पडलेलं. आठवीपर्यंत त्या नावाने ती रडायची आणि वर्गात तोंडाला कुलूप लावून बसायची. मग या वर्षी खेळांच्या दिवशी माइकने ऐन वेळी मान टाकली, आणि तिने मैदानाच्या टोकाला उभं राहून सगळ्या शर्यतींची नावं नुसत्या घशाच्या जोरावर पुकारली. पलीकडच्या रस्त्यावरून जाणारे लोकसुद्धा थांबून कोण जिंकतंय ते बघायला लागले. त्या दिवशी तिला कळलं, की आपला आवाज ही खोड नाही, ही तर आपली ताकद आहे. तेव्हापासून ती जी सुटली होती ती सुटलीच होती.

कॉम्प्युटरच्या सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"अर्धा येतो," ते म्हणाले. "उरलेला अर्धा मी स्क्रीनवर काय लिहिलंय ते शेवटपर्यंत वाचून काढतो. लोक तेवढंच करत नाहीत. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. चार बटणं एकदम दाबली, तर बिघाड कुठला आणि दुरुस्ती कुठली हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. झालं समाधान?"

"झालं, सर!"

"मग बस. आणि जरा हळू बोल, बाई. मी तुझ्यासमोरच उभा आहे."

वर्ग हसला. टिटवीही हसली. हळू बोलणं म्हणजे नक्की काय करायचं असतं, हे मात्र तिला खरोखरच माहीत नव्हतं.

त्याला कारण तिचं घर. बाबा बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. बावीस वर्षं इंजिनांच्या पोटाखाली झोपून त्यांनी नट आवळले होते, आणि त्या धडधडाटाने त्यांचे कान थोडे थोडे कुरतडून नेले होते. आधी पाखरं गेली, मग दाराची बेल, मग माणसांची बोलणी. टिटवी बोलायला शिकली तेव्हा बाबांच्या कानाशी हाताचा भोंगा धरूनच शिकली. त्यांच्या दोन खोल्यांत 'मीठ दे' हेसुद्धा मोर्चातल्या घोषणेसारखं म्हटलं जाई. टीव्हीचा आवाज शेवटच्या काट्यावर, आईच्या लॅपटॉपचाही तसाच. खालच्या मजल्यावरच्या काकूंना घरबसल्या यांच्या सगळ्या बातम्या मिळत.

आणि बाबा? बाबा मान डोलवत. काही ऐकू आलं, नाही आलं, मान डोलणार. विनोद सांगितला की आधी आईच्या तोंडाकडे बघणार, आई हसली की मग हसणार. विजेमागून येणाऱ्या गडगडाटासारखे एक क्षण मागून. टिटवीला तो एक क्षण फार लागायचा.

म्हणून तीन आठवड्यांपूर्वी बाबांना कानाची मशिनं मिळाली तेव्हा ती घरभर नाचली होती. शेंगदाण्याएवढी दोन मशिनं, कानामागे बसणारी. डॉक्टरांनी ती एका महिन्याच्या बोलीवर दिली होती. "रोज किमान आठ तास घाला," ते म्हणाले होते. "कान ऐकायचं विसरलेत, त्यांना पुन्हा शाळेत घालायचंय. एवढ्या महिन्यात शिकले तर शिकले. नाहीतर मशिनं परत करा, रांगेत बरेच जण थांबलेत." आपण किती तास चालू होतो ते मशिनं स्वतःच मोजून ठेवत. येत्या मंगळवारी डॉक्टर तो हिशेब बघणार होते.

बाबा म्हणत, "डेपोत घालतो. घरी आल्यावर कानांना जरा विश्रांती." सकाळी कान झाकणारी टोपी घालून जात, संध्याकाळी टोपी घालून येत. घरातला आरडाओरडा जसाच्या तसा चालू होता, पण मायलेकी आशेवर होत्या. कान डेपोत शाळा शिकताहेत, आज ना उद्या घरी निकाल दिसेल.

तर त्या दिवशी शाळेतून टिटवी घरी आली ती सरांना प्रश्न विचारल्याच्या तोऱ्यात. जिन्यातच तिला आईचा आवाज ऐकू आला. "हॅलो! हॅलो! अहो, बोला ना! हॅलो!"

आई एका दातांच्या दवाखान्याचे फोन घरून घेत असे. लॅपटॉपवर फोन यायचा, आई वेळ लिहून घ्यायची, झालं काम. पण 'नंतर, नंतर' म्हणत तिने अकरा दिवस पुढे ढकललेलं अपडेट लॅपटॉपने काल आपलं आपणच उरकून टाकलं होतं, आणि सकाळपासून त्याने मौन धरलं होतं.

"सोळा फोन," आई कपाळाला हात लावून म्हणाली. "सोळा जणांना मी हॅलो म्हटलं आणि सोळा जणांनी मला काय म्हटलं ते त्यांनाच ठाऊक. एक कोण तरी दात दुखतोय म्हणून रडत असेल, मी आपली विचारतेय, 'नाव काय आपलं?'"

"काय काय करून बघितलंस?"

"सगळं. बंद केला, चालू केला, ही बटणं दाबली, ती दाबली, शेवटी एक चापट मारली."

"आई! एका वेळी एकच गोष्ट बदलायची!"

"आली मोठी इंजिनियर. बस इथे, कर तुझी एकेक गोष्ट."

टिटवी बसली. वहीचं मागचं पान उघडलं आणि नीट लिहायला लागली. आवाजाची पट्टी: पूर्ण, शंभर. मुका करण्याचं बटण: बंद. एक गाणं लावून बघितलं: शुकशुकाट. पण सेटिंगमध्ये एक बारीक हिरवी पट्टी होती, ती मात्र गाण्याच्या तालावर वरखाली नाचत होती.

"आई, आवाज निघतोय! तो फक्त आपल्याकडे येत नाहीये."

"मग कुठे जातोय, माहेरी?"

टिटवीने स्क्रीनवरचं शेवटपर्यंत वाचलं. 'आवाज इथे पाठवला जात आहे' असं लिहून पुढे इंग्रजी अक्षरांचं आणि आकड्यांचं एक लांबलचक नाव होतं. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरचं ते नक्कीच नव्हतं. त्याशेजारी 'तपासा' असं बटण होतं. तिने ते दाबलं.

टिंग.

कुठूनतरी आलं खरं. चिमणीच्या पिल्लाने शिंकावं तेवढंच.

"उंदीर," आई म्हणाली.

"उंदीर टिंग करत नाही, आई." तिने परत दाबलं. टिंग. आतल्या खोलीतून. दोघी पाय न वाजवता आत गेल्या. टिंग करायला बाहेर कुणी उरलं नव्हतं म्हणून टिटवी पळत परत आली, लॅपटॉपच उचलून आत घेऊन गेली आणि पलंगावर ठेवून पुन्हा दाबलं. टिंग. कपाट. खालचा खण. बाबांच्या मोज्यांच्या मागे एक घडी घातलेला रुमाल.

आईने रुमालाला हात लावला आणि तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा लुकलुकला. फोन आला होता. टिटवीने सवयीने तो घेतला, आणि रुमालातून एक इवलासा, दुखरा, डासाएवढा आवाज बोलायला लागला.

"हॅलो... दवाखाना ना? अहो, माझी दाढ..."

आईचे डोळे खणाएवढे उघडे. पण नोकरी ती नोकरी. ती खणात वाकली आणि मोज्यांना उद्देशून ओरडली, "नमस्कार! दातांचा दवाखाना! बोला!"

"ओरडू नका हो, बाई," रुमाल कळवळला. "इथे दाढ ठणकतेय, त्यात तुम्ही..."

टिटवी पलंगावर लोळण घेऊन हसली. आईने त्या दाढेला उद्या दहाची वेळ दिली, फोन ठेवला आणि हसत हसत रुमाल उलगडला.

आत कानाची दोन मशिनं होती. दोन्ही चालू.

हसू एकदम थांबलं. मशिनं घरी आणली त्या पहिल्या दिवशी टिटवीनेच ती ब्लूटूथने लॅपटॉपला जोडून दिली होती, बाबांना थेट कानात बातम्या ऐकता याव्यात म्हणून. बाबांनी एकदाच ऐकल्या होत्या. ते जोडणं ती विसरूनही गेली होती. अपडेटनंतर लॅपटॉपने आजूबाजूला बघितलं, ओळखीचं आणि चालू असलेलं जे सापडलं त्याला सगळा आवाज देऊन टाकला. हे सगळं तिला चटकन उमगलं. पण दुसरी गोष्ट आईला तिच्याही आधी उमगली.

"ते डेपोत आहेत," आई म्हणाली. "आणि हे इथे."

"विसरले असतील."

"चालू ठेवून विसरले? रुमालात गुंडाळून? मोज्यांच्या मागे?" आई पलंगावर बसली. "मशीन तास मोजतं. खणात पडून पडून तास भरताहेत. आणि मी त्या खालच्या काकूंना सांगत सुटलेय, आमच्या ह्यांच्यात किती फरक पडलाय म्हणून!"

लॅपटॉपचा स्पीकर परत निवडायला एक टिचकी पुरली. दुरुस्ती झाली. टिटवीने वहीत 'झालं' लिहिलं आणि तिला अजिबात बरं वाटलं नाही.

बाबा साडेपाचला आले. टोपी तशीच डोक्यावर, बोटांना काळं वंगण. साबण लावून त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि पुसत पुसत टेबलाशी येऊन बसले.

"आज डेपोत ऐकू आलं का सगळं?" आईने मोठ्याने विचारलं.

"हो, हो. छान." मान डोलली.

आईने रुमाल त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

बाबांनी रुमालाकडे बघितलं. मग टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय ते एकदम शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलासारखे दिसायला लागले.

"का हो?" आई म्हणाली. रागाचं वाक्य होतं, पण ते मध्येच ओलं झालं. "घालायचीच नव्हती तर तसं सांगायचं. हे खोटे तास कशाला?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि आता काय वाटतंय आम्हाला?"

बाबा बराच वेळ बोटांतलं उरलेलं वंगण नखाने खरवडत राहिले.

"डॉक्टरांच्या खोलीत घातली ना, तेव्हा छान होतं," ते म्हणाले. "ते हळू बोलतात. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, ते ऐकलं मी. जिना उतरताना माझीच पावलं ऐकली. म्हटलं, चला, आलो परत माणसांत. मग घरी आलो. तुम्ही दोघी दारातच उभ्या होतात."

"आणि आम्ही विचारलं, ऐकू येतंय का," टिटवी म्हणाली. तिला तो क्षण आठवला. दोघींनी एकदमच विचारलं होतं, अख्खी इमारत हलेल इतक्या आनंदाने. बाबांनी डोळे मिटले होते. तिला वाटलं होतं, भरून आलंय.

"घण पडला डोक्यात," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी डेपोत तेच. तिथेही सगळे माझ्याशी ओरडूनच बोलतात, बिचारे. फोरमन तर कानात तोंड घालून. मशीन तो ओरडा आणखी मोठा करतं. दुपारी काढली ती काढलीच."

"अहो, मग सांगायचं ना, हळू बोला म्हणून!"

"कुठल्या तोंडाने सांगू? इतकी वर्षं माझ्यासाठी घसा फोडलात. ही पोर तर बोलायला शिकली तीच ओरडायला शिकली. माझ्यामुळे. आता तिला म्हणू, की तुझा आवाज मला सहन होत नाही?"

ज्या आवाजाने टिटवीने मैदान जिंकलं होतं तो तिला कुठून मिळाला, हे तिला आज कळत होतं. आणि ज्याच्यासाठी तो घडला त्यालाच तो टोचत होता, हेही आजच. रडायचं तर तेही तिला हळू येत नव्हतं. म्हणून तिने नाक जोरात ओढलं आणि उठून लॅपटॉप टेबलावर आणला.

"घाला," तिने हाताने खूण केली.

"राहू दे, बाळा. उद्या बघू."

"आत्ता."

बाबांनी मशिनं कानामागे बसवली. टिटवीने मशिनांची लॅपटॉपशी असलेली जोडणी आधी तोडून टाकली, मग माइकची सेटिंग उघडली. तिथेही एक पट्टी होती. कुणी बोललं की हिरवी उठायची, जास्त झालं की पिवळी, आणि त्याच्यापुढे लाल. स्वतःच्या आवाजाचं माप तिने असं डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, आपल्या नेहमीच्या आवाजात.

पट्टी टोकापर्यंत लालेलाल. बाबांचे डोळे गच्च मिटले. हसू तोंडावर तसंच, पण पापण्या खोटं बोलू शकल्या नाहीत. तीन आठवड्यांपूर्वीही त्या अशाच मिटल्या होत्या.

तिने अर्धा केला. पिवळी. पापण्या जरा हलल्या. मग तिने कुजबुजून बघितलं. पट्टी जागची उठली नाही.

"काहीच नाही," बाबा म्हणाले.

"मी बघू का?" आईने विचारलं, आणि पट्टी इतक्या झटकन लाल झाली, की आईने दोन्ही हात तोंडावर दाबले. "अगं बाई, ही मी?"

"तूच," टिटवी म्हणाली. "आणि आपण खालच्या काकूंना नावं ठेवतो, कान लावून बसतात म्हणून."

तासभर त्यांचं हेच चाललं. एका वेळी एकच गोष्ट. आधी आवाज तोच ठेवून खुर्ची मागे नेली. मग खुर्ची तीच ठेवून आवाज उतरवला. बाबांनी बरोबर वाटलं की बोट वर करायचं, टोचलं की हात. आईला खालचा सूर सापडेना. ती सारखी गाणं म्हणायच्या आधी खाकरतात तशी खाकरायची आणि पहिल्याच शब्दाला घसरायची. चौदाव्या वेळी तिने "अहो" म्हटलं. नुसतं "अहो". पट्टी हिरवी. बाबांचं बोट वर गेलं आणि वरच राहिलं.

"हे असं म्हणायचीस तू," ते म्हणाले. "लग्न झालं तेव्हा."

आईने उगीचच टेबल पुसायला घेतलं.

मग टिटवीची पाळी. पोटातला सगळा जोर तिने पोटातच धरून ठेवला. लहान मुलाच्या हातात काठोकाठ भरलेली वाटी द्यावी, तशी ती एकेक शब्द जपून नेत होती. काय बोलावं सुचेना, म्हणून तिने सकाळची गोष्ट सांगायला घेतली. लांबुडीची वेणी तिच्याच दप्तराच्या चेनमध्ये अडकली. सोडवता येईना. गणिताच्या तासाला ती मान वाकडी करून बसली. बाईंना वाटलं, काय जिज्ञासा आहे या मुलीला! म्हणाल्या, "बोल, काय शंका आहे?" लांबुडी म्हणाली, "बाई, शंका नाहीये, चेन आहे."

बाबा हसले.

आईकडे न बघता. आई तर अजून हसलीच नव्हती. तिची गोष्ट आधीच ऐकून झालेली, आणि ती आता गोष्टीकडे नाही, बाबांकडे बघत होती. बाबा सगळ्यांत आधी हसले, एकटे हसले, अगदी 'चेन' या शब्दावर. मग त्यांच्याच ते लक्षात आलं, आणि हसता हसता त्यांनी हाताच्या पाठीने डोळे पुसले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

तिने पुन्हा सांगितली. ते पुन्हा तिथेच हसले.

"पण बाळा, घरात जमेल हे," थोड्या वेळाने बाबा म्हणाले. "दिवस तर माझा डेपोत जातो. तिथल्या चाळीस जणांना कोण शिकवणार? आणि मंगळवार तर आलाच. डॉक्टर कागद काढतील, तास भरलेले दिसतील, शाबासकी देतील. कान मात्र नापास."

टिटवीने लॅपटॉप मिटला. पट्टी नसताना जमतंय का, हे बघायचंच होतं. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली, कारण महत्त्वाचं काही सांगायचं तर ती बसून सांगूच शकत नसे.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण चढला नाही. "शनिवारी मी बाबांबरोबर डेपोत येणार. फोरमनकाकांपासून सुरुवात करणार, आणि एकेकाला सांगणार, की माझ्या बाबांशी हळू बोला, समोर येऊन बोला."

"अगं, हसतील लोक," बाबा म्हणाले.

"हसू देत. तुम्हाला ऐकू येईल ते. आणि मंगळवारी डॉक्टरांकडेही मीच येणार. खणातल्या तासांचं खरं सांगायचं आणि आणखी एक महिना मागून घ्यायचा. बाबा, तुम्ही सांगणार नाही. आई सांगेल, पण ओरडून सांगेल. म्हणून मी."